कामरगावकडच्या मुरमाच्या वाटा

नकाशा उघडण्याआधी माती बघावी. कारंजा तालुक्यातल्या आडवाटांवर सायकल घालायची म्हणणाऱ्याला मी पहिलं हेच सांगतो. अंतर, चढ, उतार हा हिशेब नंतरचा. काळ्या रानातून जाणारी दोन किलोमीटरची सपाट पांदण आषाढात सायकलीला बंदच असते. त्याच दिवशी, तोच पाऊस झेललेली बरडावरची चढाची वाट मात्र ऊन पडलं की तासाभरात चालू होते.

*

हे असं का, ते टेकडीच्या कापात उघडं दिसतं. खाली काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्याच्यावर तोच पाषाण झिजून झालेला मुरूम. सगळ्यात वर माती. माथ्यावर ही माती वीतभरही नसते, कारण जी काही तयार होते ती पावसाबरोबर खाली जाते आणि नाल्याकाठी पुरुषभर खोल साचते. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी प्यायला की फुगतो, वाळला की आकसतो. चैत्रात ज्या भेगेत हाताचा पंजा जातो, तीच जागा श्रावणात चाक धरून ठेवते. मुरूम पाणी धरत नाही, खाली सोडून देतो.

म्हणून पावसाळ्यात माथा, हिवाळ्यात खोरं. बाकी सगळं याच्यानंतर.

*

कामरगाव कारंजा तालुक्यात, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या ईशान्येकडच्या भागात. जुन्या वऱ्हाडाचे दोन थर मानत: पूर्णेच्या खोऱ्याचा पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, वाशीम सुमारे ५४६ मीटरवर. सह्याद्रीच्या घाटांना सरावलेला सायकलवाला हे आकडे ऐकून नाक मुरडतो. पण इथला चढ एका घाटात संपत नाही. नाला उतरायचा, टेकाड चढायचं, पुढे पुन्हा नाला. दिवसभरात तोच चढ कितीतरी वेळा वसूल होतो, आणि नाल्यातून वर येतानाचा तुकडा नेहमी सगळ्यात खडा असतो, कारण तिथे पाण्यानं मुरूम वाहून नेलेला असतो आणि चाकाखाली नुसते सुटे गोटे उरतात. अशा जागी उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक फिरतं. बसूनच चढायचं, हलक्या गिअरवर, वजन मागे ठेवून.

*

पाणी कुठे जातं ते बघत सायकल चालवणं मला फार आवडतं. कारंज्याच्या परिसरातून निघणारी बेंबळा पूर्वेकडे वर्धा नदीला मिळते. अडाण पैनगंगेकडे जाते. ही दोन्ही पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचतात. उत्तरेच्या अंगाचं पाणी मात्र मूर्तिजापूरकडच्या उमेला, तिथून पूर्णेला, तापीला आणि खंबातच्या आखाताला. एका टेकाडाच्या दोन कुशींवर पडलेला एकच पाऊस देशाच्या दोन बाजूंच्या समुद्रांना जातो.

या दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारा कणा ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्यावरून जाणारी जुनी गाडवाट नाला ओलांडत नाही. डावीकडेही उतार, उजवीकडेही उतार, पायाखाली टणक मुरूम, कडेला पळस आणि बोराटी. पावसाळ्यातला सगळ्यात भरवशाचा मार्ग तोच. पूल नको, फरशी नको, पूर आला म्हणून अडकून पडणं नाही.

*

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. हजार-हजार बैलांचा तांडा न्यायचा तर वाटेत चारा हवा, मुक्कामाला पाणी हवं आणि पायाखाली खुर न रुतणारी जमीन हवी. आगगाडी आली आणि तो व्यापार बसला. तांडे जिथल्या तिथे वस्त्या करून राहिले. याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, देशभरातल्या बंजारा समाजाचं तीर्थ. तिथे २०२४ च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. या भागातल्या तांड्यांना जोडणाऱ्या वाटा बघितल्या की त्या गावाच्या वाटांपेक्षा वरच्या अंगानं जाताना दिसतात. सायकलीला त्याच बऱ्या.

कारंज्याची बाजारपेठ केवढी होती हे सांगायला एक गोष्ट पुरे. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं आणि ती लूट हजारो बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली. तेवढी जनावरं एवढ्या लांब गेली, म्हणजे वाटा होत्याच. डांबराच्या कितीतरी आधी.

*

"कुठी चालले भाऊ?"

"पुढच्या गावाला. हे पांदण निघते का तिकडं?"

"निघते नं बाप्पा. पण नाल्यापाशी चिखल हाय, तिकून नोका जाऊ. धुऱ्या-धुऱ्यानं जा, त्या कडूलिंबापासून वर चढा."

वखर थांबवून काकांनी एवढं सांगितलं, वर पाण्याची कळशी पुढे केली. उपग्रहाच्या चित्रात कडूलिंब दिसतो, पण पंधरवड्यापूर्वीच्या पावसानं नाल्याकाठी काय केलं ते दिसत नाही. पांदणीवर भेटणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि त्यानं धुऱ्यानं जा म्हटलं तरच धुऱ्यानं जावं. पेरलेल्या वावरातून चाक नेणं हा अपराध आहे.

*

गावनकाशा वाचायला प्रत्येक सायकलवाल्यानं शिकावं. भूमी अभिलेखच्या गावनकाशावर तुटक दुहेरी रेषा दिसली की तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. ही मापं कागदावर आजही आहेत. जमिनीवर मात्र एकवीस फुटांची पांदण कुठे सात फुटांवर आलेली असते, कुठे तिच्यात पऱ्हाटी उभी असते, कुठे दोन्ही धुऱ्यांच्या बोराटीनं ती मिटलेली असते.

अडवलेली वाट मोकळी करून घ्यायचा कायदा जुना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, आणि धुऱ्यावरून वाट मागायची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात. तहसील कार्यालयांत या दाव्यांचे गठ्ठे असतात. त्यात सायकल कुठेच नाही. त्यात आहे शेतात ट्रॅक्टर नेता येत नाही म्हणून सडलेलं सोयाबीन, पावसात दवाखान्यापर्यंत न पोचलेली बाळंतीण, डोक्यावरून वाहिलेलं खत. ज्याला हौसेसाठी या वाटा हव्यात त्यानं आधी हे समजून घ्यावं. पांदण मोकळी राहिली तर ती शेतकऱ्याच्या भांडणामुळे राहिली. आपण तिच्यावरून आयते जातो.

*

टायरबद्दल. सध्या ग्रॅव्हल सायकल म्हणून जी विकली जाते तिला रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असतं, चौकट जरा ऐसपैस, आणि टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास, कधी पन्नासपर्यंत. हे फार नवं वाटतं. आता गावातली जुनी काळी सायकल आठवा, दूधवाल्याची, पोस्टमनची. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं २८ × १½. आजच्या मापात ते ४०-६३५. म्हणजे रुंदी तीच, चाळीस मिलिमीटर; रिंग थोडी मोठीच. लांब चौकट, पुढे झुकलेला काटा, जाड टायर: खडी-मुरमाच्या रस्त्यासाठी जी सायकल लागते ती आपल्या आजोबांकडे होती. ते तिच्यावरून कारंज्याच्या बाजाराला कापसाच्या हंगामात मुरमाच्याच वाटांनी गेले. कमी होतं ते गिअर आणि चांगले ब्रेक.

ही गोष्ट मी गावातल्या पोरांना आवर्जून सांगतो. लाखाची सायकल नसेल तर घरातली काळी सायकल बाहेर काढा, हवा थोडी कमी ठेवा, मागे एक मोठं फ्रीव्हील टाकून घ्या आणि चला.

*

हवा. डांबरावर जेवढी भरतो तेवढी मुरमावर भरली तर चाक प्रत्येक खड्यावर उडतं, पकड सुटते, मनगटं बधिर होतात. चाळीसच्या टायरला, अंगानं मध्यम माणसाला, पस्तीस पीएसआयच्या आसपास पुरते. सुट्या गोट्यांच्या उतारावर अजून थोडी कमी. ट्यूब असेल तर फार कमी करू नये, दगडावर आपटून रिंगेची कड ट्यूबला दोन भोकं पाडते.

*

काटे. या मुलखात चाकाचे वैरी तीन: बाभळीचा काटा, बोराटीचा आकडा आणि सराटा. सराटा सगळ्यात वाईट. जमिनीलगत पसरणारा पिवळ्या फुलांचा वेल. फळ वाळलं की कसंही पडलं तरी एक टोक वर. दिवाळीनंतर शेताच्या कडेला आणि खळ्यांच्या आसपास त्याचं राज्य. कोणी धुरा साफ करून बोराटीच्या फांद्या पांदणीत टाकल्या असतील तर सायकल उचलून न्यावी, चालवत जाऊ नये.

बिनट्यूबच्या टायरात घट्ट होणारा द्रव घातला तर असले बारीक काटे तो आपोआप बुजवतो. ट्यूब असेल तर दोन जास्तीच्या जवळ हव्यात. गावातल्या पंक्चरच्या दुकानात काळ्या सायकलीची ट्यूब मिळेल, पण तिचा वॉल जाड. नव्या सायकलीच्या रिंगेत बारीक वॉलसाठी साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून तो जात नाही. ठिगळ, सोल्यूशन आणि घासायचा कागद जवळ असेल तर कुठलाही दुकानदार काम करून देतो, बहुतेक वेळा पैसे न घेता.

*

शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. किलिक निक्सन कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणायला ती बांधली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिच्यावर धावलं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद पडली. विळेगाव, भडशिवणी, पोहा, कारंजा ही स्टेशनं या तालुक्याच्या लोकांच्या तोंडी अजून आहेत.

रेल्वेची वाट सायकलवाल्याला का आवडते ते रूळ बघितल्यावर कळतं. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी टेकाडांमधून सगळ्यात मंद उतार शोधून काढलेला असतो. शेजारून जाणाऱ्या गाडवाटा त्याच उताराचा फायदा घेतात. न्यूझीलंडमध्ये ओटागोची अशीच एक बंद पडलेली लाइन होती. रूळ उखडून तिथे दीडशे किलोमीटरचा मुरमाचा सायकलमार्ग केला, २००० साली तो खुला झाला आणि वाटेवरची ओस पडत चाललेली गावं त्याच्यावर पुन्हा उभी राहिली.

इथे तसं करावं का, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी गाडी. या गावांतली माणसं कितीतरी वर्षं शकुंतला परत मागत आहेत, आणि गरिबाला यवतमाळला स्वस्तात नेणारी गाडी कुठल्याही सायकलमार्गापेक्षा मोठी गोष्ट आहे. रुळाच्या कडेनं मुरमाची पट्टी राहिली तर दोन्ही होतील. रुळांवरून मात्र सायकल नेऊ नये, जमीन रेल्वेची आहे.

*

समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. त्याच्यावर सायकलीला, दुचाकीला, बैलबंडीला मज्जाव. बरोबरच आहे. पण त्या भरावानं जुन्या पांदणी मधोमध कापल्या गेल्या. ज्या वाटेला खालून बोगदा मिळाला ती जगली, जिला नाही मिळाला ती कोसभर वळसा घालून जाते. मार्ग आखताना आता आधी हे बोगदे शोधावे लागतात. पावसाळ्यात त्यांच्यात पाणी थांबतं, तेव्हा पाय टेकवून खोली बघितल्याशिवाय आत शिरू नये.

*

कारंजा-सोहोळ अभयारण्य सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं आहे, काळविटांसाठी राखलेलं. गवताळ माळ, मध्ये मध्ये खुरटी झाडं. गवताळ माळाला आपल्याकडे पडीक म्हणून हिणवतात आणि लगेच तिथे खड्डे खणून झाडं लावायला जातात. काळविटाला झाडं नकोत, लांबवर दिसणारं मोकळं रान हवं. धोका दिसला की पळता आलं पाहिजे. वनविभागाच्या परवानगीशिवाय आत सायकल नेऊ नये. बाहेरच्या कडेनं जातानाही कळप दिसला तर थांबावं, त्याला जाऊ द्यावं. सायकलीला आवाज नसतो, त्यामुळे आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग तो जिवाच्या आकांतानं धावतो. विणीच्या दिवसांत हे पाडसाच्या जिवावर बेततं.

रोही, म्हणजे नीलगाय, वेगळा. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला तुरीतून थेट पांदणीवर येतो, म्हशीएवढ्या अंगाचा, आणि आडवा थांबतो. उताराला वेग आवरता ठेवावा, एवढंच.

*

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं लहान गाव आहे. तिथे २००६ पासून फ्लिंट टेकड्यांमधल्या मुरमाच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते; आता ती जगातली सगळ्यात नावाजलेली ग्रॅव्हल शर्यत आहे. २०२३ साली शर्यतीच्या सुरुवातीलाच एक चिकणमातीचा पट्टा लागला आणि जगातले नामांकित सायकलपटू सायकली खांद्यावर घेऊन चालत निघाले. चाक आणि चौकट यांच्यातली फट चिखलानं भरली की चाक फिरतच नाही. कामरगावच्या कोणत्याही शेतकऱ्यानं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं असतं: रात्री पाऊस झाला ना, मग काळ्यात उतरू नका.

उतरावंच लागलं तर मडगार्ड काढून ठेवा, हाताशी तुराटीची एक काडी ठेवा, आणि चाकोरी सोडून गवताच्या कडेनं सायकल ढकला.

*

इटलीत तोस्काना प्रांतातले पांढऱ्या मुरमाचे रस्ते डांबराखाली जाऊ लागले होते. १९९७ साली काही लोकांनी जुन्या सायकली घेऊन त्या रस्त्यांवरून फेरी काढली, 'लेरोइका' या नावानं, रस्ते वाचावेत म्हणून. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची मोठी शर्यत होते आणि आता ते रस्ते जपणं सगळ्यांनाच हवंसं वाटतं.

हे उदाहरण आपल्याकडे जसंच्या तसं आणू नये. तिथल्या रस्त्यांना पर्यटकांचा पैसा आहे. आपल्या पांदणीला शेतमालाचं ओझं आहे. "मुरूमच राहू द्या, आम्हाला सायकल चालवायला मजा येते" असं शेतकऱ्याला सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

*

वर्षाचा क्रम, थोडक्यात. मृगापासून पोळ्यापर्यंत फक्त कणा आणि बरड. सोयाबीनच्या सोंगणीत पांदणीवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा आपण कडेला उतरायचं. त्यांची घाई खरी, आपली नाही. कार्तिकापासून काळी वाळते, चाकोऱ्या घट्ट होतात, पण त्या खोल असतात: चाक एकदा आत गेलं की हँडल वळवून बाहेर येत नाही, पुढचं चाक हलकं उचलावं लागतं. पौष आणि माघ सगळ्यात चांगले. सकाळी गारवा, तुरी पिवळ्या पडलेल्या, कापसाची शेवटची वेचणी, अडाण प्रकल्पाच्या कालव्यांच्या कडेचे मुरमाचे रस्ते कोरडे. फाल्गुनात पळस फुलतो. चैत्रानंतर सकाळी नऊच्या आत घरी; इथला उन्हाळा चव्वेचाळीस अंशांच्या वर जातो आणि बरडावर सावली नसते.

*

पांदणींसाठी पैसा येतो. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यायचं ठरलं. काम मात्र अनेक ठिकाणी असं होतं: काळ्या मातीवर थेट मुरमाच्या ट्रॉल्या ओततात, वरवर पसरतात, फलक लावतात. पहिल्या पावसात मुरूम खाली रुततो, काळी वर येते, आणि पांदण होती तशी होते.

टिकाऊ पांदणीची रीत नवी नाही. वरची काळी खरडून काढायची. जाड मुरूम टाकून पाणी मारून दाबायचा. त्यावर गिट्टी, गिट्टीच्या फटीत पुन्हा मुरूम, आणि रोलर. मध्ये उंचवटा, दोन्ही कडांना नाली, नाल्यावर पाइप नीट बसवलेला. यातली नाली सगळ्यात महत्त्वाची आणि तीच गाळली जाते, कारण ती फोटोत दिसत नाही. सिमेंट गावठाणात ठीक आहे. रानात त्याच्याखालची काळी फुगते-आकसते, फरशी तडकते, आणि तडकलेलं सिमेंट दुरुस्त करायला ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो. मुरमाचा रस्ता गावातल्या गावात, एका ट्रॉलीत आणि चार माणसांत दुरुस्त होतो.

असा रस्ता बंडीला चालतो, ट्रॅक्टरला चालतो, शाळेच्या पोरींच्या सायकलींना चालतो आणि आपल्यालाही. कारंजा, मानोरा, मंगरूळपीरकडे जे हौशी सायकलवाले येतात त्यांनी प्रत्येक फेरीनंतर एक काम करावं: कुठे नाली बुजली, कुठे पाइप उघडा पडला, कुठे बोराटीनं वाट बंद झाली, ते जागेच्या खुणेसह लिहून त्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला द्यावं. फोटोसह, गट नंबर मिळाला तर त्यासह. ग्रामसभेत पांदणीचा ठराव मांडणाऱ्याच्या हातात असा कागद असला तर त्याला जोर येतो. ग्रामसभा २६ जानेवारीला असतेच, आणि नेमका तोच फिरण्याचा हंगाम आहे.